तीन तोंडांचा कर्णा

जिथे संध्याकाळी ढगच अंगणात उतरतात, अशा एका इवल्याशा डोंगरगावात सोनकी राहायची. तिचे बाबा शिंगं-तुताऱ्या घडवायचे. ते देवाघरी गेले आणि मागे उरला परसातल्या चाफ्याखालचा जुन्या पितळी वाद्यांचा ढीग. आई रानातून हिरडे आणून विकायची, तेव्हा कुठे चूल पेटायची.

दिवस कलला की गावाचा मोठा कर्णा वाजायचा. रानात गेलेली माणसं धुक्यातून त्या आवाजाच्या मागे मागे घरी यायची. त्या कर्ण्याला पोचा पडला होता, म्हणून तो सोनकीकडे आला होता. "मी आल्यावर भट्टी पेटवू हं," असं आई सांगून गेली होती.

पितळ तापवल्याशिवाय ठोकू नये, हे त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण आईला खूश करायची केवढी घाई! सोनकीने थंड पितळावरच हातोडी मारली. टण्! कर्णा उभा फाटला.

आणि नेमकं तेव्हाच धुकं उतरलं. आई हिरड्याच्या रानात, बिरूमामा मेंढरं घेऊन करवंदीच्या रानात आणि रोज उगाच रागावणारी ठकूमावशी सरपणासाठी वाघजाळीच्या रानात. गावकऱ्यांनी हाका मारमारून घसे बसवले. धुक्याने सगळ्या हाका गिळून टाकल्या.

 सोनकी रडत रडत ढिगाकडे धावली. एका चेपलेल्या तुतारीत काहीतरी फडफडत होतं. 'बिचारं फुलपाखरू अडकलंय!' एवढ्या घाईतही तिने तुतारीचं तोंड हळूहळू उघडलं. आतून बाहेर आली अंगठ्याएवढी परी! सोनेरी चिमुकले पंख आणि दवबिंदूंचा लुकलुकता झगा.

"रडू नकोस, सोनुले," परी म्हणाली. "मी तुला तीन फुंकरी देते. एकेका फुंकरीने पितळेचा एकेक तुकडा लोण्यासारखा मऊ होईल. पण एकदा जुळलं की पुन्हा सुटायचं नाही. तीन तुकडे एकापुढे एक जोडलेस, तर लांबच लांब कर्णा होईल. त्याचा आवाज हिरड्याच्या रानाच्या टोकाला पोचेल."

"आणि बाकीची दोन रानं?"

"तिथे पोचायचा नाही. तीन दिशांना तीन तोंडं केलीस, तर तुझा श्वास तीन ठिकाणी वाटला जाईल. मग आईपर्यंत पोचेल की नाही, मी सांगू शकत नाही गं."

 सोनकीला आई हवी होती, फक्त आई. पण ठकूमावशीची वाट बघणारं घरी कुणी म्हणजे कुणीच नव्हतं.

"तीन तोंडं," ती पुटपुटली आणि लगेच तिला रडू फुटलं.

फू! फू! फू! तुतारी वाकली, शिंग वळलं, फाटका कर्णा सांधला गेला. असलं विचित्र वाद्य कुणी पाहिलं नसेल. सोनकीने गाल फुगवून फुंकलं. भूं... किती बारीक आवाज! तिने पुन्हा फुंकलं, पुन्हा पुन्हा फुंकलं. ओठ सुजले.

करवंदीच्या वाटेवर मेंढरं बें-बें करू लागली. बिरूमामा आले! सोनकीने त्यांच्या बाजूच्या तोंडात चिंधी कोंबली. आवाज थोडा वाढला. हिरड्याच्या वाटेवर मात्र नुसतं पांढरं धुकं. उजेड विझत चालला होता.

दुसरी चिंधी तिच्या हातातच होती. वाघजाळीचं तोंड बंद केलं, तर सगळा श्वास आईकडे जाईल! हात तोंडापर्यंत गेला, थांबला. "नाही," म्हणत तिने चिंधी फेकून दिली आणि डोळे मिटून फुंकलं.

"अगं, किती बेसूर वाजवतेस!"

सोनकीने डोळे उघडले. वाघजाळीच्या वाटेने ठकूमावशी लंगडत येत होती, आणि तिला खांद्याचा आधार दिला होता आईने!

"मावशींचा पाय मुरगळला होता," आई धापा टाकत म्हणाली. "त्यांचं कण्हणं ऐकलं, म्हणून मी वाघजाळीकडे वळले. धुक्यात आम्ही कड्याकडेच निघालो होतो गं. तेवढ्यात हा आवाज आला."

ठकूमावशीने सोनकीला पोटाशी धरलं. रागावणं विसरून ती हमसाहमशी रडली.

"परी, आई तिकडे आहे हे तुला माहीत होतं?" सोनकीने विचारलं.

"नाही गं, राणी. मलाही फार भीती वाटत होती," परी म्हणाली. तिने सोनकीच्या सुजल्या ओठांवर इवलासा पापा दिला आणि सोनेरी झगमगाटात विरघळून गेली. त्या उजेडात क्षणभर धुकं बाजूला झालं, तेव्हा सोनकीला वाघजाळीचा कडा दिसला. तिने आईचा हात घट्ट धरला तो धरलाच.