अंगणवाडीमागची भेग

“मग धरंल का न्हाय धरंल, एवढंच सांगा बाबा.”

लतीफशा फकीर तांदळातले खडे निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा सुदाम बारवकर. गावामागच्या मुरुमाच्या खाणीचा मालक. दर गुरुवारी फकिराच्या मठीत, म्हणजे तकियात, येऊन बाबांच्या पायावर डोकं ठेवायचा आणि आपण त्यांचा पहिला चेला असं गावभर सांगायचा. बाबांनी कधी कुणाला चेला केल्याचं मला तरी ठाऊक नाही.

खाणीच्या वरच्या काठाला अंगणवाडी आहे. सरकारी साहेबानं सुदामला बजावलं होतं, भिंतीपासून अंतर सोड, आणि खाली उतरशील तसा पायऱ्या पाडत उतर, दरड उभी कापू नको. अंतर सुदामनं सोडलं. पायऱ्या पाडायच्या तर मुरूम सोडावा लागतो, म्हणून दरड मात्र सुरीनं वडी कापावी तशी उभी कापली. मुरूम टणक आहे म्हणाला, भिंतीसारखा उभा राहतो. भिंती पडतात हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

आता पावसाची झड लागली होती आणि अंगणवाडीच्या मागं जमिनीला भेग पडली होती.

“साहेब काय म्हणला?” बाबांनी विचारलं.

“भेगेवर सिमेंटचा पट्टा मारा म्हणला. पट्टा तडकला तर जमीन चालतीय. न्हाय तडकला तर भ्या न्हाय.”

“मग?”

“पट्टा साबूत हाय, बाबा.”

“मग माझ्याकडं कशाला आलास?”

सुदाम हळूहळू बोलायला लागला. आया पोरं पाठवायला कुरकुरत होत्या. पोरं दुसरीकडं हलवली की बोभाटा, आणि बोभाटा झाला की खाण बंद. तेव्हा बाबांनी काठावर हिरवा झेंडा लावावा, ऊद फिरवावा आणि दरड धरेल असा शब्द द्यावा. बाबांच्या शब्दानं लोकांची पोरं तापातून उठली, तिथं एका दरडीचं काय.

बाबांनी सूप बाजूला सारलं. “चल, बघू.”

मीही मागोमाग गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

अंगणवाडीत पोरं खिचडीसाठी ताटल्या बडवत होती. मागच्या बाजूला मात्र वेगळाच आवाज. दरडीतून खडे सुटत होते. थोडे सुटायचे, थांबायचे, परत सुटायचे. सुदाम त्या आवाजाच्या वरताण मोठ्यानं बोलत राहिला.

बाबा भेगेपाशी वाकले. पट्ट्यावर बोट ठेवलं. बोट सिमेंटनं भरलं.

“हा आजचा?”

“हो बाबा.”

“कालचा कुठाय?”

“काढला... तडकला होता.”

“आन् परवाचा?”

खडे सुटत होते.

“शब्द द्या बाबा,” सुदाम म्हणाला. आवाज पार खाली गेला होता. “तुमी म्हणलं तर धरंल.”

बाबा भेगेशी गुडघे टेकून बसले. दोन्ही तळहात जमिनीवर दाबले. डोळे मिटले.

“धरली,” ते म्हणाले.

सुदामनं हात जोडले. त्याच्या तोंडावर रंग आला.

“आता तू खाली जा. दरडीच्या बुडाशी उभा राहा. मी हाक मारीपर्यंत हलू नको.”

सुदामनं बाबांच्या हातांकडं बघितलं. वाळकी काटकं ती. मग खाली जाणाऱ्या वाटेकडं बघितलं. एक पाऊल टाकलं. तेवढ्यात काठाचं एक ढेकूळ निसटलं आणि खाली आदळल्याचा आवाज वर आला.

पाऊल माघारी आलं.

“धरलीय म्हणतो ना,” बाबा म्हणाले. “जा.”

तो गेला नाही.

आत ताटल्या वाजतच होत्या...

सुदाम वळला आणि पुढच्या दाराकडं पळाला. अंगणवाडीच्या शेवंताबाईंना म्हणाला, पोरं बाहेर काढा, आत्ताच्या आत्ता, दप्तरं राहू द्या. बाईंनी फक्त कुठं न्यायची तेवढं विचारलं. तकियात, तो म्हणाला. पोरं एकमेकांचे सदरे धरून निघाली. दोन बारकी सुदामच्या कडेवर. त्यातलं एक ताटलीसाठी भोकाड पसरून बसलं, तर हा गडी परत आत जाऊन ताटली घेऊन आला.

मग काठापासून लांब उभा राहून त्यानं खालच्या पोकलेनवाल्याला हाक मारली. मशीन बाहेर काढ. आज खोदाई बंद. पाऊस उघडला की वरून, मागं सरकून, पायऱ्या पाडायच्या. अंगणवाडी पाडावी लागली तरी पाडायच्या, दुसरी मी बांधून देतो.

एवढं होईस्तवर बाबा तिथंच बसलेले, हात जमिनीला लावून. सुदामनं त्यांना काखेत हात घालून उठवलं आणि भेगेपासून ओढत लांब आणलं. गुरूला असं ओढतात का, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

सुदाम तकियाच्या ओट्यावर टेकला. पोरांच्या कलकलाटात त्यानं हळूच विचारलं,

“बाबा... मी खाली गेलो असतो, तर खरंच धरली असती?”

बाबा बोटाचं सिमेंट पुसत होते.

“तू खाली जाणारा असतास,” ते म्हणाले, “तर पायऱ्या आधीच पाडल्या असत्यास. मला हात लावायला लागला नसता.”