साहेबाची उचकी

हरणगड संस्थानच्या नोकरीतल्या पार्करसाहेबाने महाराजांच्या मुलाला, बाळराजांना, शिकवून पुण्याच्या कॉलेजात धाडलं. निघताना बाळराजे त्याच्या पाया पडले, पण ‘थँक यू’ काही म्हणाले नाहीत. महिना झाला तरी ते साहेबाच्या मनातून जाईना. शेवटी एक दिवस भर पंगतीत तो कडाडला, “तुम्हा लोकांना कृतज्ञता ठाऊकच नाही! मी उद्याच नोकरी सोडतो!”

महाराजांची मान खाली गेली. त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्कासाहेबांना, मात्र त्या रागातला रुसवा बरोबर कळला. त्यांनी हळूच विचारलं, “साहेब, हा ‘थँक’ शब्द आला कुठून?”

शब्दांची मुळं सांगायची म्हटली की साहेबाची छाती फुगायची. “‘थिंक’च्याच घराण्यातला तो. मुळात अर्थ, कुणालातरी मनात ठेवणं.”

तेवढ्यात ठेच्याने त्याला उचकी लागली. पाणी प्यायला तरी थांबेना.

आक्कासाहेब म्हणाल्या, “आमच्यात उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात. त्या माणसाचं नाव घेतलं की ती थांबते. घेऊन बघा.”

साहेब पुटपुटला, “बाळराजे.”

उचकी थांबली.

“पोचलं ना पुण्याहून तुमचं थँक यू?”

दुसऱ्या दिवशी साहेब पंगतीला हजर होता, आणि पानावर बसताच त्याने आधी ठेचा मागून घेतला.