बिब्ब्याचं पान

“म्हणजे आता ही पोथी नदीत सोडायला हरकत नाही ना?”

“मुळीच नाही, बुवा.” यज्ञेशनं लॅपटॉपवर थाप मारली. “दोनशे एक्केचाळीस वनस्पती. सगळ्या एक्सएमएल फाइलीत उतरल्या.”

नवी प्रत झाली की जीर्ण पोथी नदीला द्यायची, हा मठाचा रिवाज. ही औषधांची पोथी निरंजनबुवांच्या गुरूंनी लिहिलेली. तिला वाळवी लागली होती आणि बुवांना आता अक्षर दिसत नव्हतं. शहरातली संगणकाची नोकरी सोडून वैद्यकी शिकायला आलेल्या यज्ञेशचे हात शिवशिवत होतेच. त्यानं प्रोग्रॅम लिहिला, महिनाभर बसून एकेका वनस्पतीची माहिती त्यात भरली, सगळी यादी फाइलीत साठवली आणि प्रोग्रॅम बंद करून टाकला. स्वारी तेव्हापासून हवेत होती.

“उघडून वाचलीस?”

“वाचायचं काय त्यात? साठवताना एकही एरर आली नाही.”

“हं...”

बुवा घाटाच्या पायऱ्या चाचपत उतरले. गुडघाभर पाण्यात उभे राहिले. पोथी दोन्ही हातांनी पाण्यावर धरली.

“बिब्ब्याचं वाच. मग सोडतो.”

यज्ञेश मनात हसला. म्हाताऱ्याची हौस! पायरीवर बसून त्यानं फाइल उघडली.

“नाव, बिब्बा. उपयोग, सांधेदुखी. मात्रा...” तीही त्यानं वाचली.

“कुणाला देऊ नये?”

यज्ञेशनं पडदा खालपर्यंत सरकवला.

फाइलीत तो रकानाच नव्हता. त्यानं पुढची वनस्पती पाहिली, तिच्या पुढची पाहिली. एकीचाही नव्हता.

मग त्याला आठवलं. हा जिवाशी खेळ, दुसऱ्या कुठल्या कोडचा हात लागायला नको, म्हणून तेवढा एक रकाना त्यानं ‘प्रायव्हेट’ ठेवला होता. फाइल लिहिणाऱ्या यंत्रणेनं उघडं होतं तेवढं उचललं आणि झाकलेलं निमूट मागे सोडलं; प्रोग्रॅम बंद होताच तेही पुसलं गेलं.

“वाचतोस ना?” बुवांची बोटं सैल होत होती.

“थांबा! बुवा, थांबा!”

लॅपटॉप पायरीवर तसाच टाकून तो पाण्यात धावला, घसरला, कमरेपर्यंत भिजला. पोथी त्यानं छातीशी धरली. ती कोरडी होती. त्याचे डोळे मात्र भरून आले.

“एखादी गरोदर बाई दगावली असती...” तो म्हणाला. “सगळ्यात जास्त काळजी मी त्याचीच घेतली होती, बुवा. म्हणून तर कुणाचा हात लागू दिला नाही.”

बुवा रागावले नाहीत. ओल्या हातानं त्यांनी त्याची पाठ चोळली आणि त्याला पायरीवर बसवलं. मग हात धोतराला पुसून पोथी मांडीवर घेतली आणि न पाहताच शेवटचं पान काढलं. त्या पानाचा कोपरा बोटं फिरून फिरून गुळगुळीत झाला होता.

पानावर वर एका वनस्पतीचं नाव होतं. खाली सगळं कोरं, म्हणून यज्ञेशनं ते यादीत घेतलंच नव्हतं.

“हे भरायचं राहिलं?” यज्ञेशनं हळूच विचारलं.

बुवांचा हात कोऱ्या पानावरून फिरत राहिला.

“माझ्या गुरूंनीही हिची फार काळजी घेतली रे... कुणाच्या हाती लागू नये म्हणून शेवटपर्यंत लिहिलीच नाही.”