अष्टमीच्या खुंट्या

खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं, चिखलातल्या तिवरांच्या झाडीमागं, कोळ्यांचं एक लहानसं गाव होतं. त्या गावात नागूबाय नावाची कोळीण राहत असे. बाई बोलायला तिखट आणि कामाला वाघ. एकदा मनात घेतलं की ते तडीस नेल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

गावाचं एक जुनं दुखणं होतं. भरतीला होडी थेट गावाला लागे. पण ओहोटी लागली की होडी आणि घरं यांच्यामध्ये कमरेइतका चिखल उरे. दवाखाना पलीकडच्या काठावर. नागूबायच्या नवऱ्याला साप चावला तेव्हा नेमकी ओहोटी होती. पाणी येईपर्यंत थांबावं लागलं, आणि तेवढा वेळ त्याच्यापाशी नव्हता. आता तिची सून जमनी पोटुशी होती. कार्तिकी पौर्णिमेच्या आगेमागे तिचे दिवस भरणार होते. त्याच्या आत चिखलावरून खोल पाण्यापर्यंत लाकडी धक्का उभा करायचाच, असं नागूबायनं ठरवलं.

खाडीत खांब रोवायचा तर सरकारी परवाना लागे. परवान्याचा अर्ज मोठा चौकस. खांब किती, तिवराचं एखादं झाड तर तुटणार नाही ना, खालून पाणी मोकळं वाहील का, सगळं त्याला सांगावं लागे. आणि मुख्य म्हणजे, मोठ्या उधाणाचं पाणी कुठवर चढतं तिथं दोन साक्षीदारांदेखत खुंट्या ठोकून त्याचा नकाशा जोडावा लागे. धक्क्याची उंची त्या खुंट्यांवरून ठरायची.

आता कोळ्यांची एक रीत आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, तेव्हा सगळे जाळी घेऊन पाण्यात. अष्टमीच्या सुमारास भांग येतो, म्हणजे पाणी मंदावतं, फारसं चढत नाही आणि जाळ्यात काही लागत नाही. म्हणून घर शाकारणं, सोयरीक जुळवणं, भांडणं मिटवणं ही कामं भांगाच्या दिवशी करायची. गोकुळाष्टमीला गाव मोकळं होतं, साक्षीदारही मोकळे होते. मग काय, सगळ्यांनी मिळून हौसेनं त्याच दिवशी खुंट्या ठोकल्या! सारा जन्म पाण्यावर काढलेली माणसं, पण आपण काय करतो आहोत हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

नागूबायनं कचेरीत पाच खेपा घातल्या. कधी सही राहिली, कधी साहेब दौऱ्यावर, कधी नकाशाची दुसरी प्रत हवी. बाई हटली नाही. सहाव्या खेपेला साहेबांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, शिक्का हातात घेतला आणि सहज विचारलं, "बाई, या खुंट्या मोठ्या उधाणाच्याच ना?"

नागूबाय 'व्हय' म्हणणार, तोच तिला गोकुळाष्टमीचं ते संथ पाणी आठवलं. हो म्हटलं तर दसऱ्याच्या आत धक्का उभा. नाही म्हटलं तर सर्वपित्री अमावास्येच्या उधाणापर्यंत थांबायचं, पुन्हा साक्षीदार, पुन्हा नकाशा, पुन्हा खेपा. जमनीचे दिवस तर कुणासाठी थांबणार नव्हते. तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. म्हणून टाकावं हो, असं तिला फार वाटलं.

"नाय सायेब," ती म्हणाली. "भांगाच्या हायेत. आमची चूक झाली."

साहेबांनी शिक्का खाली ठेवला आणि अर्ज परत दिला.

गावात सगळे तिच्यावर तुटून पडले. तिचा दीर हाशा तर संतापलाच. "वयनी, व्हय म्हटलं असतंस तर जीभ झडली असती का?"

"सायबाला फसवता आलं असतं रं," नागूबाय म्हणाली. "खाडीला कशी फसवू?"

अमावास्येला, ऐन मासेमारीच्या दिवशी, तिनं हाशाला आणि आणखी एकाला होडीत चढता चढता साक्षीदार म्हणून धरून आणलं. दुपारी पाणी चढू लागलं. अष्टमीच्या खुंट्या बघता बघता बुडाल्या. पाणी तसंच पुढं आलं आणि नागूबायच्या तुळशीपाशी येऊन थांबलं. हाशाचा चेहरा पडला. त्यानं नवी खुंटी घेतली आणि स्वतःच्या हातानं ठोकली.

नवा नकाशा घेऊन बाई पुन्हा कचेरीत हजर. या खेपेला साहेब स्वतः येऊन खुंट्या पाहून गेले आणि आठवड्यात परवाना आला. मग नागूबायनं गावाला उसंत म्हणून दिली नाही. जुन्या नकाशापेक्षा खांब उंच लागले, लाकूड जास्त लागलं. ओहोटी लागली की ती पदर खोचून सगळ्यांच्या आधी चिखलात उतरे. कार्तिकी पौर्णिमेला दोन दिवस उरले असताना शेवटची फळी ठोकली गेली.

पौर्णिमेला अवकाळी वारा सुटला. दुपारचं उधाण असं चढलं की फळ्यांखाली जेमतेम चार बोटं जागा उरली. अष्टमीच्या खुंट्यांच्या मापानं बांधलेला धक्का त्या पाण्यात केव्हाच वाहून गेला असता. गाव काठावर येऊन बघत राहिलं. मग पाणी उतरलं. धक्का जागच्या जागी होता.

दिवस कलताना, ऐन ओहोटीत, जमनीला कळा सुरू झाल्या. खाली कमरेइतका चिखल होता. वरून जमनी सासूच्या खांद्याला धरून, कोरड्या पायांनी, होडीपर्यंत चालत गेली.

हाशा होडी वल्हवत होता. पलीकडचा काठ जवळ आला तेव्हा तो म्हणाला, "वयनी, बरं झालं त्या दिवशी तू नाय म्हटलंस."

तात्पर्य: परवान्यासाठी कितीही खेपा घालाव्या लागल्या तरी खचू नये, पण खोटं बोलून तो घेऊ नये, कारण साहेब कागद तपासतो, बांधलेलं काम पाणी तपासतं.