सांकवापलीकडचा ताप

एका गावाच्या मधून नदी वाहत होती आणि दोन काठांना जोडणारा एकच अरुंद सांकव होता. गावात तापाची साथ आली, तेव्हा किती घरांत ताप आहे ते मोजायला राजाने दोन मोजणीदार धाडले. त्यांतल्या थोरल्याची लेक पलीकडच्या काठावर दिलेली होती. त्यामुळे त्याचा जीव टांगणीला लागला होता.

मोजणीची रीत जुनी होती. घरन् घर पालथं घालायला वेळ नसे, म्हणून प्रत्येक दारात कवड्या टाकायच्या आणि त्या दाखवतील त्या शेजारच्या घरी जायचं. आपल्या मनाने घर निवडायचं नाही, लेकीचं तर नाहीच. दोघांनी दोन काठांवरून निघायचं आणि दोघांचे आकडे जुळले की थांबायचं.

पण धाकटा म्हणाला, "दादा, सांकव घसरडा झालाय. दोघंही इथूनच निघू की. कवड्या नेतीलच कधीतरी पलीकडे."

थोरल्याला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

या काठाला दारं शंभर आणि सांकवाला लागून त्यातलं एकच. कवड्या दोघांना देवळामागच्या आळीतून विहिरीकडे नेत आणि विहिरीकडून पुन्हा आळीत आणत. चौथ्या दिवशी आकडे जुळले. दहा घरांत एका घरी ताप. पाचव्या, सहाव्या दिवशीही तेच.

थोरल्याचा जीव भांड्यात पडला. "लेक सुखरूप असणार," तो म्हणाला. सांकव आपण एकदाही ओलांडला नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण जुळलेला आकडा इतका गोड लागला की त्याने तो विचार झटकून टाकला.

त्या आकड्यावरून राजवैद्याने काढ्याच्या दहा गाड्यांपैकी एकच गावाला दिली. बाकीच्या नऊ दूरच्या मुलखात गेल्या.

आठ दिवसांनी थोरला लेकीला भेटायला पलीकडे गेला. तिथे दहांतल्या आठ घरांत माणसं अंथरुणाला खिळलेली होती. जावई ओसरीवर बसला होता. त्याने पाणीसुद्धा विचारलं नाही.

"काल गेली ती, मामा," तो म्हणाला. "शेवटपर्यंत म्हणत होती, बाबा मोजायला आलेत, या काठाला आल्याशिवाय ते थांबायचे नाहीत."

काढा संपला होता, गाड्या परतायला महिना लागणार होता. खरा आकडा आता थोरल्याला कळला होता आणि तो कुणाच्याही उपयोगाचा नव्हता.

तात्पर्य इतकंच: आकडा हलेनासा झाला म्हणजे तो खरा झाला असं नसतं, कधी आपणच एका काठावर फिरत राहिलेलो असतो.