शीव डोक्यावर घेणारी कोंडाबाई

घाटात गाडीरस्ता व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, बरं का. खाली नदीकाठी नांदवली, वर माथ्यावर खडकमाळचा धनगरवाडा. मध्ये जेमतेम दोन कोसांची उतरण, पण माणसं किती वेगळी! खालचे शिंक आली तरी दवाखान्याची पायरी चढायचे, आणि वरचे जीव कंठाशी आला तरी माथा सोडायचे नाहीत. का, तर आजारी माणूस शिवेपलीकडं गेला, की शिवेवरचा म्हसोबा त्याची पाठ राखत नाही, असं ते धरून बसलेले.

या वाड्याची सुईण कोंडाबाई. तिच्या हातून शेकडो बाळंतपणं सुखरूप झाली, असं म्हणतात. पण तिची स्वतःची सून गोजरा अडली, तेव्हा तिनं हात टेकले. पोटात बाळ आडवं, आणि दुसरा दिवस उजाडलेला. कोंडाबाई घाबरली, साफ घाबरली, आणि ते तिनं लपवलंही नाही. बाहेर येऊन म्हणाली, हे आता माझ्या हातात राहिलं नाही, डोली बांधा, पोरीला खाली डॉक्टरकडं न्यायचंय.

डोली निघाली, तर शिवेवर वाड्याचा कारभारी सिदूबा वाट अडवून उभा. म्हातारा वाईट नव्हता हो. पोरीला देवाच्या नजरेबाहेर कसं सोडू, एवढंच तो म्हणत होता, आणि म्हणताना त्याचेही डोळे भरले होते.

कोंडाबाईनं वाद घातला नाही. जुन्या लुगड्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, आणि चार गड्यांना न हलणारा म्हसोबाचा शेंदरी धोंडा उचलून चुंबळीवर घेतला.

"देव पुढं चाललाय," ती म्हणाली. "तो थांबेल तिथं आपली शीव. चला."

आता कोण अडवणार? दोन कोस बाई उतरली, कुठं टेकली म्हणून नाही. तिचं पाऊल पडेल तिथला निसरडा खडक कोरडा होत गेला, असं म्हणतात. दवाखान्याच्या पायरीवर तिनं म्हसोबा ठेवला, आणि दिवस कलायच्या आत आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मग मात्र कोंडाबाई देवाशेजारी बसून हमसून हमसून रडली.

बाराव्या दिवशी गोजरा लेक घेऊन आपल्या पायांनी वर आली. देव कोणी आणला म्हणाल? सिदूबानं, कोंडाबाईच्याच चुंबळीवर. त्या दिवशी देवाला वजनच नव्हतं, असं म्हणतात.

खडकमाळहून आजही डोली निघाली, की पुढं घरातली एक बाई रिकामी चुंबळ डोक्यावर घेऊन चालते. म्हसोबा आपल्या जागी असतो. पण कोंडाबाईच्या चुंबळीमागून निघालेल्या माणसाला शीव लागत नाही, आणि त्याची वाट अडवायला कोणी उभंही राहत नाही.