मेलेल्या बाईला वन्समोर

नाटकात गाऊन गाजलेल्या गुलाबबाई मडकईकरांविषयी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. रंगमंचावर मेल्यावर त्या आयुष्यात एकदाच उठल्या, आणि तेही संतापून.

रायवाडी संस्थानात प्रयोग होता. मरतानाचं पद बाई जीव ओतून गात होत्या आणि पुढच्या कोचावर नवे सरकार विडा चघळत मोठमोठ्याने हसत होते. पद संपलं, बाई कोसळल्या, तेव्हा कुठे सरकारांना जाग आली.

"वन्समोर!" ते ओरडले. "ऊठ गं! आमचं ऐकायचं राहिलं."

विंगेतून कंपनीचे मालक गयावया करू लागले, "बाई, गा हो! नाहीतर सगळं सामान जप्त करतील."

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. त्या उठल्या आणि थेट कोचासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सरकार, तुमच्या वन्समोरने मेलेली माणसं उठत असतील, तर आधी आपल्या वडिलांना, थोरल्या सरकारांना उठवा. तुम्ही गादीवर आल्यापासून रयत रोज त्यांची आठवण काढून रडते आहे."

मग मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "थोरले सरकार, वन्समोर!" बघता बघता सगळं थिएटर तेच ओरडू लागलं.

सरकार तरातरा निघून गेले. गुलाबबाई आपल्या जागी परतल्या, पदर नीट केला आणि पुन्हा मेल्या.